मामाचा ३८६

माझ्या मामाने १९९२ साली संगणक घेतला, ३८६ जातीचा. त्यावर मी पहिल्यांदा स्वतःचं नाव टाइप केलं. पुढे तो आमच्या माळ्यावर जाऊन पडला. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत खाली काढला, तेव्हा मामा म्हणाला, "चालला तर ठेव, नाहीतर भंगारात दे."

बटण दाबलं. पंखा फिरला, पण पडदा काळाच! सुरू होताना हा संगणक आधी स्वतःला तपासतो आणि सगळं ठीक असेल तर 'पीप' म्हणतो. इथे पीप नाही की काही नाही.

प्लग काढला, झाकण उघडलं, टॉर्च मारला. कीबोर्डच्या सॉकेटजवळ हिरवट बुरशीसारखं काहीतरी! घड्याळ चालू राहावं म्हणून मदरबोर्डवर ३.६ व्होल्टची छोटी बॅटरी असते. तिच्यातला अल्कली झिरपून तांब्याच्या केसासारख्या रेघा खात बसला होता. माळ्यावर टाकण्याआधी ती काढायला हवी होती. चूक माझीच.

हातमोजे घालून बॅटरी कापून काढली. (हे एकट्याने करू नका हं!) अल्कलीवर उतारा आम्लाचा, म्हणून कापसाने व्हिनेगर लावलं, मग पाण्याने पुसून दोन दिवस वाळवलं. तरी ढिम्म! भिंगातून पाहिलं, तर एक रेघ तुटलेली. तिथे डाग देऊन बारीक तार जोडली.

"पीप!"

तारीख मात्र १ जानेवारी १९८०. मामाला फोन लावला आणि पुन्हा बटण दाबून ऐकवलं. तो जरा वेळ गप्पच होता. मग म्हणाला, "परत लाव रे."