हात न लावायची काठी

सिरॅक्यूजमध्ये एप्रिल म्हणजे वसंत, हे फक्त कॅलेंडरला ठाऊक असतं. मैदानावरचा बर्फ फावड्यांनी ओढून कडेला लावलेला असतो, आणि त्या ढिगांच्या मधल्या हिरव्या पट्ट्यात डोळ्यांना गॉगल, तोंडात माउथगार्ड अशा अवतारात पोरी काठ्या घेऊन पळत असतात. आम्ही पालक घडीच्या खुर्च्यांवर ब्लँकेटं लपेटून बसतो. न्यूयॉर्क राज्याच्या या भागात लॅक्रॉस न खेळणारं मूल सापडेल, पण ज्याच्या घरात, चुलत घरात, शेजारी कुठेच काठी नाही असं मूल सापडणं अवघड.

माझी लेक मैत्रिणीच्या नादाने गेली. गावच्या उन्हाळी-हिवाळी कार्यक्रमांच्या यादीत लॅक्रॉसही होतं. फी बेताची, निवड चाचणी नाही, नाव घातलं की संघात. प्रशिक्षक म्हणजे पालकच. एक बाई दाताच्या दवाखान्यात काम करणाऱ्या, आणि एक गृहस्थ हिवाळ्यात रस्त्यांवरचा बर्फ काढणारी गाडी चालवणारे. दोघांचा जोर एकाच गोष्टीवर: जमिनीवरचा चेंडू उचलणं. नेम, वेग, डावपेच सगळं नंतर. चेंडूच्या शेजारी पाय पडला पाहिजे, गुडघे वाकले पाहिजेत, मागचा हात जवळजवळ गवताला टेकला पाहिजे आणि काठी चेंडूखाली सरकली पाहिजे, तीही पळता पळता. उभ्याने काठी टोचत बसलेल्या मुलीच्या समोरून दुसरी चेंडू घेऊन जाते. मी नेवाशाच्या शाळेत खो-खो खेळलेली, त्यामुळे वाकून पळणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको होतं. मांड्या भरून येतात त्या आठवणीनेच.

मुलींच्या काठीची जाळी मुलग्यांच्या काठीपेक्षा उथळ असते. चेंडू त्यात पडून राहत नाही, काठी सतत डोलवत ठेवावी लागते. मुलग्यांना हेल्मेट, खांद्याला पॅड, आणि अंगावर जाण्याची बऱ्यापैकी मुभा. मुलींना अंगावर जायचं नाही, नियमात राहून काठीवर काठी मारायची. दोन्ही खेळांचं नाव एकच, पण टेबलावर बसून वेळ लावणाऱ्या माणसाला ते दोन वेगळे खेळ वाटतात. मला ते कळतं, कारण वेळ मीच लावते. सुरुवातीला कुणीतरी घड्याळ हातात दिलं ते परत घ्यायला अजून कुणी आलेलं नाही.

आई गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आली. माकडटोपी, शाल, वरून माझा जाड कोट, असा जामानिमा करून ती पहिल्याच सामन्याला हजर झाली. नातीला चेंडू डोलवत पळताना पाहून म्हणाली, "हे तर सुपात दाणे घोळवल्यावानी. उलटं धरलं की सगळं खाली." त्यानंतर ती एकाही सामन्याला घरी बसली नाही.

त्यातलाच एक सामना शहराच्या दक्षिणेकडच्या संघाशी होता. सिरॅक्यूजच्या दक्षिणेला काही मैलांवर ओनोंडागा लोकांची भूमी आहे, आणि तिकडच्या संघात त्यांच्या मुली असतात. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा, सेनेका आणि टस्करोरा या सहा राष्ट्रांचा मिळून हौदेनोशौनी संघ. लॅक्रॉस हे निर्मात्याने दिलेलं देणं, अशी त्यांची श्रद्धा. गोऱ्यांनी त्याचे नियम छापले ते १८६७ मध्ये, मॉन्ट्रियलचा दंतवैद्य विल्यम जॉर्ज बिअर्स याने. त्याच्या कितीतरी आधीपासून हा खेळ आजारी माणसासाठी, गावाच्या बऱ्यासाठी खेळला जात होता, आणि आजही तसा खेळला जातो. त्यात घड्याळ नाही, काठी हिकरीच्या लाकडाची. ओंडका फोडायचा, वाफेवर वाकवायचा, महिनोन्महिने वाळू द्यायचा, मग तासायचा. आल्फ जॅक्स हे ओनोंडागा कारागीर अशा काठ्या आयुष्यभर घडवत राहिले. २०२३ मध्ये ते गेले.

सामना संपल्यावर कुंपणाजवळ त्या संघातल्या एका मुलीचे आजोबा नातवाला घेऊन उभे होते. नातू सहा-सात वर्षांचा असेल. त्याच्या हातात तशी लाकडी काठी होती, मधासारख्या रंगाची, वरचं टोक एका बाजूला वळलेलं, आणि त्या वळणात चामड्याच्या वाद्यांची घट्ट वीण. प्लास्टिकच्या काठ्या पाहून सोकावलेल्या डोळ्यांना ती काठी जड वाटत होती, पण पोरगा ती सहज फिरवत होता. माझ्या लेकीने हात पुढे केला. तेवढ्यात त्या मुलाची बहीण, जी पाच मिनिटांपूर्वी आमच्यावर दोन गोल करून आली होती आणि जिच्या हातात अजून तिची स्वतःची प्लास्टिकची काठी होती, ती म्हणाली, "हिला नको हात लावूस. लाकडी काठीला आपण मुली हात लावत नाही." आवाजात राग नव्हता, ओशाळेपण तर मुळीच नव्हतं. 'चप्पल बाहेर काढ' सांगावं तसं सांगितलं. माझ्या लेकीने हात मागे घेतला आणि दोघी जणी कुणाच्या गॉगलच्या आत वाफ धरते यावर बोलू लागल्या.

भडकले मी. गाडीत बसल्यावर आईला सगळं मराठीतून सांगितलं. शनिशिंगणापूर आमच्याच तालुक्यातलं. तिथल्या शनीच्या चौथऱ्यावर बायकांनी चढायचं नाही, हे ऐकतच मी मोठी झाले. २०१६ च्या गुढीपाडव्याला चौथरा बायकांना खुला झाला तेव्हा मी इथे सिरॅक्यूजमध्ये रात्री जागून बातम्या पाहत होते.

"तू चढलीस का गं नंतर?" मी आईला विचारलं.

"मला कुठं चढायचंय? मी आपली खालूनच हात जोडते."

"मग?"

"मग काय! मी चढत नाही ते माझं. पण चढू नको म्हणणारे ते कोण?"

हे तिचं तर्कशास्त्र मला पटलं, आणि तेच घेऊन मी ओनोंडागा सरोवराकाठच्या ग्रेट लॉ ऑफ पीस केंद्रात गेले. तिथे आणि घरी वाचताना जे कळलं त्याने माझा मुद्दा चांगलाच लटपटला. हौदेनोशौनी लोकांत कूळ आईकडून चालतं. सरदार निवडतात त्या कुळमाता. तो नीट वागला नाही तर पायउतार करतात त्याही. ज्यांनी बायकांना काठीपासून लांब ठेवलं असं मी धरून चालले होते, त्या समाजात पुरुषाला खुर्ची देणं-काढून घेणं बायकांच्या हातात आहे. शिवाय हौदेनोशौनी मुलींचा राष्ट्रीय संघ उभा राहत होता तेव्हा विरोध करणाऱ्यांत काही कुळमाताच होत्या. तरी संघ उभा राहिला. २०२२ मध्ये मेरीलँडमधल्या टाउसनला जागतिक स्पर्धेत तो खेळला, प्लास्टिकच्या काठ्यांनी.

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "पाटील बसवायचा-उठवायचा अधिकार असल्यावर काठी घेऊन काय करायचंय?" चार दिवसांपूर्वीचं तिचंच वाक्य मी तिला ऐकवलं. ती वाटाणे सोलत राहिली.

दुसरीही एक गंमत. लेक खेळते तो मुलींचा लॅक्रॉस इथून सरळ इथे आलेलाच नाही. लुइसा लम्सडेन नावाच्या स्कॉटिश शिक्षिकेने १८८४ मध्ये मॉन्ट्रियलला एक सामना पाहिला. सेंट अँड्रूजच्या सेंट लिओनार्ड्स या मुलींच्या शाळेत त्या पूर्वी मुख्याध्यापिका होत्या. १८९० मध्ये तिथे हा खेळ सुरू झाला. त्याच शाळेत शिकलेल्या रोझाबेल सिंक्लेअर यांनी १९२६ मध्ये तो बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत रुजवला. म्हणजे समुद्र दोनदा ओलांडून तो आमच्या मैदानापर्यंत आला. त्या ओनोंडागा मुलीच्या हातात दोन्ही वंशावळी होत्या, आणि तिला त्यात काही अडचण दिसत नव्हती. माझ्या रागाला तिची गरज होती. तिला माझ्या रागाची नव्हती.

माझ्या लेकीला विचारलं, वाईट वाटलं का? ती म्हणाली, "माझी काठी आहे की." विषय संपला. मला मात्र तिथे जाऊन कुणाला सुधारण्याचा हक्क आहे असं आता वाटत नाही. नेवाशात वाटतो, आणि तो मी सोडणार नाही.

जूनमध्ये फिरत्या क्लबांची पत्रकं यायला लागतात. गावचा संघ सोडा, चाचणी द्या, दर शनिवार-रविवार दुसऱ्या राज्यात स्पर्धा, हॉटेल, किट, आणि वर्षाला हजारो डॉलरचा आकडा. पालकांच्या खुर्च्यांवर अकरा वर्षांच्या पोरींच्या कॉलेज शिष्यवृत्तीच्या गप्पा चालतात. आठवीतल्या मुलामुलींना कॉलेजं तोंडी वचनं द्यायला लागली होती. शेवटी २०१७ मध्ये कॉलेजच्या खेळांची संघटना एनसीएए हिला नियम करावा लागला, की अकरावीच्या वर्षातल्या १ सप्टेंबरआधी प्रशिक्षकांनी लॅक्रॉसच्या खेळाडूंशी या बाबतीत बोलायचंच नाही. मी पत्रक रद्दीत टाकलं. तिथे कशालाही हात लावा, कुणी नको म्हणत नाही, पैसे भरले की झालं.

हंगामाचा शेवटचा सामना पुन्हा त्याच संघाशी आला. ड्रॉसाठी, म्हणजे खेळ सुरू करायला, मधे माझी लेक आणि तीच मुलगी. दोन काठ्या पाठीला पाठ लावून आडव्या, मधे पिवळा चेंडू, शिट्टी झाली आणि चेंडू दोघींच्या डोक्यावरून उडाला. बहुतेक ड्रॉ त्या मुलीनेच काढले. शेवटच्या मिनिटाला आमची एक मुलगी गोलसमोर काठी उचलून उभी, आणि त्यांची बचाव करणारी नेमकी तिच्या व गोलच्या रेषेत येऊन थांबली. शिट्टी. हा मुलींच्या खेळातला सगळ्यात वादाचा नियम: नेम धरलेल्या मुलीपासून काठीच्या लांबीइतकी जवळ नसशील, तर तिच्या आणि गोलच्या मधे नुसतं उभं राहायचं नाही. चेंडू घट्ट रबराचा असतो, लागला तर लागतो.

निर्णय आमच्या बाजूने होता, तरी आई खुर्चीतून उठली. "ती आधीच तिथं उभी होती! तिनं का सरकायचं?"

"आई, नियम आहे तो."

"कोणी केला?"

मी घड्याळ थांबवलं होतं. पंच माझ्याकडे बघत होत्या, पुन्हा सुरू करायच्या इशाऱ्यासाठी, आणि आई उत्तराची वाट पाहत उभी.

"नंतर सांगते, बस आधी," मी म्हटलं आणि बटण दाबलं.