बटणावर काय ठेवायचं

लग्नपत्रिकेचा निम्मा मजकूर ठरलेलाच असतो. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’, ‘चि. सौ. कां.’, ‘मु. पो.’, ‘ता. पोलादपूर, जि. रायगड’. महाडमध्ये डीटीपी करणाऱ्याला लग्नसराईत हे दिवसभर टाइप करावं लागतं. म्हणून कीबोर्डाशेजारी मी १२ बटणांची छोटी पेटी ठेवली आहे. आत प्रो मायक्रो बोर्ड, त्यावर क्यूएमके हे मोफत फर्मवेअर. यूएसबीला जोडली की कॉम्प्युटर तिला आणखी एक कीबोर्ड समजतो.

पेटी अक्षरं पाठवत नाही. कुठली कळ दाबली एवढंच ती कळवते. अक्षर कॉम्प्युटर ठरवतो. इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड-मांडणीत ‘ऱ्या’ हवा तर शिफ्ट धरून जे, मग डी, स्लॅश आणि ई. साधा र घेतला की रफार चढून ‘येणार्या’ उमटतं, आणि छापलेल्या पत्रिकेत ते मला सहन होत नाही. कॉम्प्युटर इंग्रजीवर असेल तर त्याच कळांचा रोमन गोंधळ पडतो. भाषा बदलायची नेहमीची शॉर्टकट इथे उपयोगाची नाही, कारण ती नुसती पुढच्या भाषेवर जाते. विंडोजमध्ये मराठीला तिची स्वतःची शॉर्टकट नेमून द्यावी, मॅक्रोची, म्हणजे एका बटणावर ठेवलेल्या कळांच्या मालिकेची, सुरुवात तिनेच करावी आणि पुढच्या कळेआधी थोडी उसंत ठेवावी. जुन्या मशीनवर ही उसंत फार महत्त्वाची. नाहीतर पहिलं अक्षर गळतं.

माझं सगळ्यात लाडकं बटण कोरेलड्रॉचं. प्रेसच्या मशीनवर आपला फॉन्ट असेलच असं नाही, म्हणून मजकूर कर्व्ह करून द्यायचा. पण कर्व्ह झाल्यावर शब्द सुधारता येत नाही. अक्षराचं चित्र झालेलं असतं. त्यामुळे ते बटण आधी मूळ फाइल सेव्ह करतं, मग सगळं सिलेक्ट, मग कर्व्ह, आणि सेव्ह ॲजची खिडकी उघडून थांबतं. नवं नाव मी हाताने देते. तिथे थांबणं मी मुद्दाम ठेवलंय.

गावांची नावं मात्र मी बटणावर घेत नाही. कापडे बुद्रुक आणि कापडे खुर्द, दोन्ही पोलादपूर तालुक्यातलीच. बटणाने एक उमटलं की नजर त्यावरून सहज पुढे सरकते, आणि मुंबईहून येणारं वऱ्हाड भलत्याच गावात उतरायचं. तालुका, जिल्हा बटणावर. गाव आणि माणसांची नावं समोरचा कागद वाचत, एकेक अक्षर टाइप करून.