गुलाबी पाण्याची तपासणी

लोणार, मंगळवार, २४ जून २०२५

विदर्भातल्या शाळा कालपासून सुरू झाल्या. नववीच्या मुलांना विचारलं, मोबाइलवर आलेली कोणती गोष्ट खरी की खोटी ते अजून कळलेलं नाही? पहिलाच प्रश्न लोणार सरोवराचा निघाला. "मॅडम, आपलं तळं गुलाबी झालं होतं म्हणतात, ते खरं का?" जून २०२० मध्ये ही मुलं जेमतेम नऊ वर्षांची होती. शाळा बंद होत्या, अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर यायचा आणि त्याच मोबाइलवर अफवाही यायच्या. या वर्षीचा पहिला धडा हाच घ्यायचं ठरवलं.

गुरुवार, २६ जून

स्मार्ट टीव्हीवर दोन फोटो लावले. दोन्हींत पाणी गुलाबी, दोन्हींखाली 'लोणार' लिहिलेलं. बहुतेकांनी दोन्ही खरे ठरवले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून टीव्हीजवळ आली आणि एका फोटोच्या कडेवर तिनं बोट ठेवलं. "मॅडम, हा तं समुद्र आहे. बुलढाण्यात समुद्र कुठून आला?" तो फोटो ऑस्ट्रेलियातल्या हिलियर सरोवराचा होता. मग 'लँडसॅट ८' उपग्रहाची चित्रं दाखवली. २५ मे २०२० च्या चित्रात पाणी हिरवट, १० जूनच्या चित्रात गुलाबी. जागा आपली, तारीख लिहिलेली, चित्र कोणी घेतलं तेही माहीत. म्हणजे एक फोटो खोटा निघाला, तरी बातमी खरी होती. विश्वास बसत नाही एवढ्यावरून एखादी गोष्ट खोटी ठरत नाही, हे मुलांना आज पटलं.

शुक्रवार, २७ जून

आजचा प्रश्न कारणाचा. घरी विचारून या, असं सांगितलं होतं. कोणी देवीचा कोप लिहून आणला, कोणी प्रदूषण. मग पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं काय तपासलं ते वाचलं. खारट पाण्यात वाढणारे 'हॅलोआर्किया' नावाचे सूक्ष्मजीव गुलाबी रंगद्रव्य तयार करतात. नमुन्याचं पाणी स्थिर ठेवल्यावर ते जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. रंग पाण्याचा नव्हता, हे त्यावरून कळलं. "म्हणजे त्यांनी बाटली नुसती ठेवून पाहिली?" एकानं विचारलं. हो, पाहिली. पुढं पाठवण्याआधी पाहणं, हेच तर शिकायचं आहे.

सोमवार, ३० जून

दोन मुलं भांडत आली. एकाच्या मोबाइलवर सरोवराचं वय ५२ हजार वर्षं, दुसऱ्याच्या मोबाइलवर ५ लाख ७० हजार. खोटं कोण? कोणीच नाही. पहिला आकडा जुन्या पद्धतीच्या मोजणीचा. दुसरा खडकातल्या आरगॉन वायूवरून काढलेला, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला. आकड्याबरोबर तो कसा काढला हेही विचारायचं, असं वहीत लिहून घेतलं.

मंगळवार, १ जुलै

आज राईनपाड्याबद्दल बोलले. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या या गावात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढं पाठवता येईल, अशी मर्यादा घालायला सुरुवात केली. वर्गात बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एका मुलानं विचारलं, "पाच जणांना पाठवलं तरी अफवा पसरतेच ना?" पसरते. कंपनी मर्यादा घालेल, पण थांबायचं आपल्यालाच.

गुरुवार, ३ जुलै

शाळांना टीव्ही मिळाले, पुस्तकांत क्यूआर कोड आले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण पडद्यावर दिसतं त्याला प्रश्न विचारायला कोणतंही यंत्र आपोआप शिकवत नाही; ते शिक्षकानं आणि घरच्यांनीच शिकवायचं. पालकांना माझी विनंती आहे: मुलांचा मोबाइल काढून घेण्याआधी एकदा त्यांच्या शेजारी बसा आणि आलेला एखादा संदेश दोघं मिळून तपासा. कोणी पाठवला, कधीचा आहे, कुठला आहे, एवढं विचारलं तरी पुष्कळ झालं.