कपलर बसला, म्हणजे सेन्सर जुळला नाही

इंजिन बदललेली गाडी माझ्या गॅरेजला येते तेव्हा तक्रार बहुतेक एकच असते: सेल्फ फिरतो, पण गाडी पकडत नाही. तोवर पंप, फिल्टर, इंजेक्टर सगळं खोलून झालेलं असतं. मी स्कॅनर लावून सेल्फ मारायला सांगतो आणि फक्त आरपीएमचा आकडा बघतो. तो शून्यावरून हलला नाही, तर इंजिन फिरतंय ही खबर ईसीएमपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरपर्यंत, गेलेलीच नाही. मग तो इंधन सोडणार कशाच्या जोरावर?

ही खबर क्रँक सेन्सर देतो, पण तो एकट्याने काही सांगत नाही. दातेरी चाक, सेन्सर आणि ईसीएम यांचं मिळून एक गणित असतं. पुष्कळ गाड्यांत त्या चाकावर 60 दातांच्या जागा असतात आणि त्यातले 2 दात मुद्दाम गाळलेले असतात. एक दात म्हणजे 6 अंश, आणि त्या मोकळ्या जागेवरून मोजणी सुरू होते. बदललेल्या इंजिनावर 36 मधला 1 गाळलेलं चाक असेल, तर सिग्नल चोख येऊनही ईसीएमला त्याचा अर्थ लागत नाही. शिवाय चुंबक-कॉइलच्या सेन्सरचा व्होल्टेज वेगाबरोबर वाढतो, तर हॉल सेन्सरला बाहेरून सप्लाय लागतो आणि तो चौकोनी लहर देतो. कॉइलवाल्याच्या 2 वायरी उलट जोडल्या तरी सिग्नल येतो, पण टायमिंग सरकतं. म्हणून ऑसिलोस्कोपवर लहर बघितल्याशिवाय मी वायर कापत नाही.

वायरिंग आणि ईसीएम ज्या गाडीचे, सेन्सरही तिचेच, हा माझा नियम. गरज पडली तर दातेरी चाकही तिचंच बसवायचं.

कूलंट सेन्सरची परीक्षा सोपी आहे. जुना आणि नवा एकाच पातेल्यातल्या पाण्यात सोडायचे, पाणी तापवत न्यायचं आणि थर्मामीटर बघत दोघांचा रेझिस्टन्स मोजायचा. बॉशचा नेहमीचा सेन्सर 20 अंशांना सुमारे 2,500 ओहम दाखवतो, 80 ला 300 च्या आसपास. दोघांचे आकडे फाटले, तर तापलेलं इंजिन ईसीएमला थंड वाटू शकतं. तो इंधन वाढवतो आणि ॲव्हरेज ढासळतं. चेक लाइट घालवायला तिथे रेझिस्टर लावून देणारे आहेत. मला ते मुळीच मान्य नाही. रेझिस्टरचा आकडा कधी बदलत नाही; इंजिन उकळायला लागलं तरी ईसीएमला पत्ता लागत नाही, तो फॅन लावत नाही आणि हेड गॅस्केट जातं.

मीटरमधल्या काट्याचा सेंडर बऱ्याचदा वेगळा, एका वायरीचा असतो. त्याला अर्थिंग मिळतं ते आट्यांतून, त्यामुळे तिथे टेफ्लॉन टेप नको.

कुर्ल्याच्या बाजारातून इंजिन आणणार असाल तर त्याचा ईसीएम, सगळे सेन्सर आणि न कापलेली वायरिंग सोबत मागून घ्या. आणि पैसे देण्याआधी आरटीओची परवानगी मिळेल का, ते विचारून या.