दादा गेला, तरी काम राहो

उन्हाळ्यात गावोगावी पाणपोया उघडतात. नारळ फुटतो, फोटो निघतो. पण वैशाखात त्याच पाणपोईवर जाऊन पाहा. कधी कधी रांजण कोरडा असतो आणि ओगराळं गायब! असं का होतं?

आमच्या बोदवडला तर पाण्याची टंचाई पाचवीलाच पुजलेली. म्हणून आमच्या गल्लीतल्या मुलांनी सेवामंडळ काढलं, तेव्हा पहिलं काम पाणपोईचंच ठरलं. मुलं वही घेऊन माझ्याकडे आली. वहीत ध्येय लिहिलं होतं, ‘समाजाची खूप सेवा करणे. पन्नास सभासद करणे.’

मी म्हटलं, “खूप म्हणजे किती रे? आणि पन्नास जण येऊन करणार काय?”

बरीच चर्चा झाली. शेवटी वहीत नवं वाक्य आलं: ‘पाऊस पडेपर्यंत रोज सकाळी आठच्या आत दोन रांजण घासून भरायचे. महिनाभर एकही खाडा झाला नाही, तरच तिसरा रांजण ठेवायचा.’ आता कसं, झालं की नाही ते कुणालाही मोजता येईल! मंडळाची वाढ म्हणजे नुसती नावांची यादी लांबणं नव्हे. जेवढं काम नीट पेलतं, तेवढंच पुढे वाढवायचं.

पण खरा पेच पुढेच होता. मंडळाचा प्रमुख दहावीचा. सगळं त्याच्याच डोक्यात. जूननंतर तो अकरावीसाठी बाहेरगावी जाणार. मग मंडळाचं काय? म्हणून दुसरं ध्येय ठरलं: दर सोमवारी नवा प्रमुख. जुन्याने आठवडाभर त्याच्या सोबत राहायचं, पण हुकूम सोडायचा नाही!

तिसऱ्या सोमवारी सहावीतल्या एका अबोल मुलीची पाळी आली. मोठी मुलं कुजबुजली. तिने मात्र पहिल्याच दिवशी विचारलं, “बाजाराच्या दिवशी खेड्यांवरची माणसं येतात. तेव्हा दोन रांजण कसे पुरतील?” हे इतके दिवस कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्या आठवड्यापासून बाजाराच्या दिवशी दुपारी रांजण पुन्हा भरू लागले.

पुढारीपण म्हणजे मोठा आवाज नव्हे, हे आपल्या जळगाव जिल्ह्याला नवं नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांची कामं ते न बोलता स्वतः करत. ते पाहून मुलांनाच लाज वाटे आणि तीही कामाला लागत.

आता जरा मोठं उदाहरण घेऊ. रोटरी क्लबचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तिथे क्लबचा अध्यक्ष दरवर्षी बदलतो. या संस्थेने १९८५ साली पोलिओ हटवण्याची मोठी मोहीम हाती घेतली. पुढे सरकार, आरोग्यसेवक आणि असंख्य स्वयंसेवक यांनी मिळून घरोघरची बाळं गाठली, दोन-दोन थेंब पाजले. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. मधल्या काळात किती अध्यक्ष आले नि गेले! ध्येय मात्र तेच राहिलं, कारण ते स्पष्ट होतं आणि पुढच्याच्या हाती नीट सोपवलं जात होतं.

तुम्ही कॉलेजात जाल तेव्हा राष्ट्रीय सेवा योजना भेटेल. ती २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली. तिथेही सेवेचे तास ठरलेले असतात, दोन वर्षांत २४०. पण कॉलेजची वाट कशाला पाहायची? वाचनालय असो, झाडं असोत की आजोबांना पेपर वाचून दाखवणं असो, आज वहीत तीन ओळी लिहा. काम किती? कधीपर्यंत? आणि माझ्यानंतर कोण?

तिसऱ्या ओळीत स्वतःहून लहान मुलाचं नाव लिहा. आणि हो, त्याला आधी विचारा बरं का!