जुन्या मशीनची सवय

जालन्यात लोखंडाला मरण नाही. कुठून कुठून भंगार येतं, इंडक्शन भट्टीत वितळतं आणि सळई होऊन ट्रकवर चढतं. आधी आपण कुणाची खिडकी होतो की कुणाच्या ट्रॅक्टरचा दांडा, याचा त्या सळईला पत्ता नसतो.

डिस्कचं तसं नाही. जिच्यावरून मशीन सुरू होतं ती बूट डिस्क आपण कुठल्या घरात वाढलो हे विसरत नाही. माझं पोट त्यावरच चालतं. एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांचे सर्व्हर मी सांभाळतो. घरच्यांना वाटतं, मी प्रिंटर दुरुस्त करतो. तेही करतो म्हणा.

मागे एका रोलिंग मिलचं काम आलं. हिशेब, स्टोअर आणि वजनकाटा, तिन्ही एकाच विंडोज सर्व्हर २०१२ आर२ वर. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपवला, पण शेठना त्याचं काही नव्हतं. त्यांना दिसत होता तो खोलीतला जुना सर्व्हर. त्यात भट्टीची काळी धूळ इतकी बसली होती की पंखे विमानासारखे ओरडायचे. आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर ज्याने लिहून दिलं, त्याचं दुकान केव्हाच बंद झालेलं. म्हणजे नवीन मशीनवर पहिल्यापासून इन्स्टॉल करायचा रस्ताच नव्हता. जे आहे ते जसंच्या तसं उचलून न्यायचं.

हा सर्व्हर व्हर्च्युअल होता, हे सुदैव. व्हर्च्युअल म्हणजे एका खऱ्या मशीनच्या पोटात सॉफ्टवेअरने उभं केलेलं दुसरं मशीन. त्याची डिस्क म्हणजे एक मोठी फाइल. तुमच्या फोनमधल्या व्हिडिओसारखीच, फक्त ८० जीबीची. मग कॉपी-पेस्ट केलं की झालं? शेठचा पुतण्या हेच विचारत होता.

जुन्या मशीनवर व्हीएमवेअर होतं, नव्यावर प्रॉक्समॉक्स बसवायचं होतं. व्हिएन्नातली कंपनी २००८ पासून ते बनवते, आणि वापरायला लायसन्सचे पैसे लागत नाहीत. दोघंही आपल्या पोटातल्या मशीनला खोटं हार्डवेअर दाखवतात, पण खोटंही वेगवेगळं. व्हीएमवेअर त्या विंडोजला सांगत होतं की तुझी डिस्क एलएसआय कंट्रोलरवर आहे. प्रॉक्समॉक्सवर वेगाने चालायचं तर डिस्क व्हर्टआयओवर लागते. विंडोज सुरू होताना पहिल्या काही सेकंदांत ओळखीचे तेवढेच ड्रायव्हर उचलतं. व्हर्टआयओचं नाव त्याने कधी ऐकलेलं नसतं. डिस्क समोर आहे, सगळा डेटा शाबूत आहे, आणि विंडोज म्हणतं, डिस्कच सापडत नाही. निळा पडदा, खाली कोड ७बी.

मी हा पडदा आधी एका कॉपीवर मुद्दाम आणून दाखवला. मुनीमकाका शेजारी उभे होते. एकवीस वर्षं त्या मिलच्या वह्या सांभाळलेला माणूस. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. "भाऊ, शनिवारी पगार हाये पोरांचा," एवढंच म्हणाले. परराज्यातून आलेली पोरं, उचल, ओव्हरटाइम, खाडे, सगळं त्या ८० जीबीत. कागदावर काहीही नाही.

मला तेव्हा आमच्याच जिल्ह्याचं दप्तर आठवलं. २०२३ मध्ये अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीचं उपोषण झालं आणि मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. कागद तर होते. पण ते उर्दूत आणि मोडीत, आणि वाचणारी माणसं शोधून आणावी लागली. आरक्षणाच्या वादात इथे शिरत नाही. मला त्यातला तांत्रिक भाग दिसतो. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला, माणसं आली, जमिनी आल्या, नोंदी आल्या, आणि ड्रायव्हर हळूहळू म्हातारे होत गेले.

तर उपाय. तो ऐकायला बावळट वाटतो. बूट डिस्क आधी जुन्या पद्धतीच्या आयडीई कंट्रोलरवर लावायची. तो विंडोजला बहुतेक वेळा ओळखता येतो, म्हणून ते रडतखडत का होईना उठतं. मग सोबत एक जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोडायची. तिच्यावर काहीच ठेवायचं नसतं. ती फक्त विंडोजला नवीन पाहुणा दाखवण्यासाठी. ड्रायव्हरची आयएसओ फाइल द्यायची, त्यातही जुन्या विंडोजला चालणारी आवृत्ती शोधून. ड्रायव्हर बसला की मशीन बंद करायचं, रिकामी डिस्क काढायची, आणि खरी बूट डिस्क व्हर्टआयओवर हलवायची. आता त्याची ओळख झालेली असते. नवख्या माणसाला लग्नाआधी दोन वेळा चहाला बोलावतात, तसंच.

भट्टीचं लायनिंग बदलायला मिल दोन दिवस बंद होती, त्यात हे बसवलं. व्हीएमवेअर टूल्स जुन्या घरीच काढून टाकले, कारण नंतर ते निघता निघत नाहीत. मशीन बायॉसवर होतं, तर नव्या जागीही बायॉसच ठेवलं. तिथे यूईएफआय निवडलं असतं तर निळा पडदाही दिसला नसता, नुसता काळा.

खरी धाकधूक लायसन्सची होती. ते सॉफ्टवेअर नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्याला बांधलेलं. व्हर्च्युअल कार्डाचा पत्ता हाताने लिहिता येतो, म्हणून जुना, ००:०सी:२९ ने सुरू होणारा, जसाच्या तसा टाकला. तरी विंडोजने कार्ड नवं मानलं आणि त्याचा आयपी सोडून दिला. हाताने परत द्यायला गेलो तर म्हणे, हा आयपी दुसऱ्या कार्डाचा आहे. दुसरं कार्ड कुठलं? जे आता या जगात नाही ते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवा म्हटलं, तेव्हा ते फिकट होऊन यादीत बसलेलं सापडलं. ते काढलं आणि वजनकाट्यावरून पहिली पावती निघाली. पहाटेचे साडेचार.

मुनीमकाकांनी पावतीकडे पाहिलंच नाही. पगाराचा तक्ता उघडला, एका पोराची उचल तपासली, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. सगळे अठ्ठेचाळीस जण होईपर्यंत उठले नाहीत.

जुना सर्व्हर नेटवर्कची वायर काढून कोपऱ्यात ठेवला आहे. शेठ दर आठवड्याला विचारतात, भंगारात देऊ का, भट्टी तर आपलीच आहे. मी म्हणतो, दिवाळीचं चोपडापूजन होऊ द्या.