जुन्नर मुक्कामी तीन दिवस

सहल म्हटली की खर्च, आणि खर्च म्हटला की बेत पुढच्या वर्षावर. आपल्या घरांतली ही रीतच होऊन बसली आहे. कुणी हिमालयात जाऊन आल्याचे सांगतो, आपण ऐकून घेतो. पण आपल्याच पुणे जिल्ह्यात जुन्नरला मुक्काम ठेवून सकाळी भाकरी बांधून निघावे आणि दिवेलागणीला परतावे, एवढे आपल्यालाही जमते. शिरूर आणि दौंडच्या आम्ही चार कुटुंबांनी गेल्या हिवाळ्यात ते करून पाहिले.

दौंडची मंडळी चौफुला-न्हावरामार्गे शिरूरला आली. तिथून मंचर, नारायणगाव करीत एस.टी.ने जुन्नर. २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे आणि २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. त्यामुळे आमच्यातल्या एका आजींचे तिकीटच नव्हते. मुक्काम एका पाहुण्यांकडे. रात्री पिठलं-भाकरी.

जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दोनशेहून अधिक बौद्ध लेणी आहेत. पहिल्या दिवशी कुकडी ओलांडून लेण्याद्रीला गेलो. तिकीट थोडे, पंधरा वर्षांखालील मुलांना तेही नाही. सहाव्या लेण्यात चैत्यगृह आहे. ते कल्याणच्या एका सोनार घराण्यातील सुलसदत्ताचे दान, असे तिथला लेखच सांगतो. शेजारचे सातवे लेणे म्हणजे भिक्षूंचा मोठा विहार. आज तिथे अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे देऊळ आहे. बहुतेक लोक दर्शन घेऊन खाली उतरतात. आम्ही मुलांना भिंतींतल्या भिक्षूंच्या खोल्या मोजायला लावल्या.

आजी मात्र एका खांबाशी थांबल्या. ७२ च्या दुष्काळात त्यांनी रोजगार हमीवर खडी फोडलेली. छिन्नीच्या खुणांवरून हात फिरवीत म्हणाल्या, "ह्ये बसून केलेलं काम न्हाई बाबा. उभ्यानं, हात वर करून केलंय. खांदं गेलं असतील त्यांचं." आम्ही पुस्तके वाचून गेलो होतो, पण हे आम्हाला दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पाडळीजवळची तुळजा लेणी पाहिली. तिथले चैत्यगृह गोल आहे. मधे स्तूप, भोवती बारा अठपैलू खांब. अशी गोल लेणी देशात फार थोडी. जागा शांत. मुले स्तूपाभोवती आपणहून हळू चालू लागली.

तिसरा दिवस मानमोडीचा. चढ अवघड, पण खरी शिदोरी इथेच मिळाली. इथल्या लेखांत श्रेणींची, म्हणजे कारागिरांच्या संघटनांची नावे आहेत. बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे दात्याने ठेव ठेवली आणि तिच्यातून दरमहा ठरावीक रक्कम मिळायची. कासारांकडेही अशीच ठेव. आम्ही वाणिज्य शाखेचे, दिवसभर खतावणीत डोके घालणारे. ठेव कुणाकडे ठेवतात, हे आम्हाला कुणी सांगायला नको. ज्याच्यावर विश्वास असतो त्याच्याकडेच ठेवतात. बांबूकाम करणारा बुरूड समाज आज अनुसूचित जातींच्या यादीत आहे. दोन हजार वर्षांपूर्वी त्याच धंद्यातल्या माणसांच्या हाती ठेव निर्धास्तपणे दिली जात होती, आणि ही गोष्ट दगडावर कोरून ठेवली आहे. आमच्यातला एक तरुण बचत गटाचे हिशेब पाहतो. तो म्हणाला, "काका, म्हणजे आपण हे नव्यानं शिकत नाही."

त्याच भिंतींवर कोळशाने लिहिलेली बदाम-बाणाची नावेही पाहिली. एक नाव दान देऊन राहिले, दुसरे भिंत खराब करून. मुलांना वेगळे काही सांगावे लागले नाही.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. पाणी सोबत न्या. डोंगरात आग्या मोहोळे असतात, म्हणून धूर नको, अत्तर नको, आरडाओरडा नको. लेण्यांत मेणबत्ती-अगरबत्ती लावू नका, दगड काळा पडतो. वंदना हात जोडूनही होते. प्लास्टिक परत आणा. आणि घरातल्या म्हाताऱ्यांना मागे ठेवू नका. चढ जमेल तेवढाच चढू द्या, पण न्या. दगड कसा फुटतो हे त्यांना ठाऊक आहे. लेणी मुलांना समजावून सांगायला त्यांच्याइतके जाणकार दुसरे कोण मिळणार?